युवक संघातली मुलं खचलेली आहेत: सहा आठवड्यांचा अभ्यास कसा बसवावा?

करवीर_युवक

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीच्या युवक संघासाठी सहा आठवड्यांचा शास्त्राभ्यास बसवायचा आहे. मुलं-मुली मिळून १४, वयं २१ ते २९. निम्मी अभ्यासिकेत दिवस काढणारी, स्पर्धा परीक्षेचे दोन-तीन अटेम्प्ट होऊन गेलेली. बाकीची शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कंत्राटावर, शिफ्टमध्ये. दोघींची स्थळं बघणं चालू आहे आणि घरात त्याशिवाय दुसरा विषय नाही. प्रत्येकाचे शब्द वेगळे, पण प्रश्न एकच: देवानं मला नेमकं कशासाठी ठेवलंय, आणि ठेवलंय तर काहीच का घडत नाही?

आतापर्यंतचा उपाय म्हणजे भिंतीवर यिर्मया २९:११ (देवाचे आपल्याविषयीचे बेत हिताचे आहेत, हे वचन) आणि मोठ्या आवाजात गाणी. रविवारी चेहरे उजळतात, मंगळवारपर्यंत पुन्हा तेच.

हॉल शनिवारी संध्याकाळी ७ ते ८:१५ मिळतो. कोणते उतारे कोणत्या क्रमानं घ्यावेत, मुलांकडून प्रत्यक्ष काय करून घ्यावं, आणि अशा अभ्यासात हमखास कुठं चुकतं, ते सांगा. जरा तपशिलात सांगितलंत तर उपकार होतील.

जुनी_पायवाट

सलाम. भिंतीवरचं वचन राहू द्या, पण सुरुवात त्यानं करू नका. ते तिसऱ्या आठवड्यात घ्या. पहिले दोन शनिवार १ राजे १९ ला, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीला द्या, आणि घाई करू नका.

या अध्यायाच्या आधी कर्मेल डोंगरावर एलीयाचा बालाच्या संदेष्ट्यांवरचा विजय आहे. अग्नी उतरला, तीन वर्षांनी पाऊस आला, आणि लगेच पुढच्या पानावर ईजबेल राणीचा धमकीचा एक निरोप येतो नि एलीया जीव मुठीत धरून पळतो. बैर-शेब्यात चाकराला मागं ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट रानात चालतो, रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि आता पुरे म्हणून मरण मागतो. पहिल्या शनिवारी वचन ८ च्या पुढं जायचंच नाही. वहीच्या पानावर दोन रकाने करायला सांगा. एकात, देवानं एलीयासाठी काय केलं. दुसऱ्यात, काय केलं नाही.

पहिला रकाना सोपा आहे: झोपू दिलं, दूतानं हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी ठेवलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं, आणि पुढची वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे हे स्वतःहून म्हटलं. दुसऱ्या रकान्याला वेळ लागतो. रागावला नाही. तुझा विश्वास कुठं गेला असं विचारलं नाही. कालच्या कर्मेलची आठवण करून दिली नाही. तुझ्यासाठी माझी मोठी योजना आहे, असंही तिथं म्हटलं नाही. हा रकाना मुलांनीच भरायचा. तुम्ही फळ्यावर लिहून दिलंत तर ती उतरवून घेतील आणि विसरतील.

दुसऱ्या शनिवारी वचन ९ ते २१. होरेबाच्या गुहेत देव विचारतो, एलीया, तू इथं काय करतोस? वचन ९ मध्ये एकदा, १३ मध्ये पुन्हा. मध्ये वारा, भूकंप, अग्नी, आणि मग ती शांत, मंद वाणी. आता वचन १० आणि १४ शेजारी ठेवून वाचायला लावा. एलीयाचं उत्तर तेच, मीच एकटा उरलो! म्हणजे देवाचा आवाज ऐकूनही त्याचं मन लगेच फिरलेलं नाही. आणि देव त्यावर वाद घालत नाही. तो काम सांगतो: परत जा, हजाएल आणि येहू यांना राजे म्हणून, आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक कर. मग जाता जाता सांगतो की इस्राएलात बालापुढं न वाकलेले अजून ७,००० आहेत.

इथं एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तीन कामांत अलीशाचं नाव शेवटी आहे, पण एलीया पहिल्यांदा त्याच्याचकडे जातो, आणि बाकीची दोन कामं एलीयाच्या हातून होतच नाहीत. ती पुढं अलीशाच्या काळात पार पडतात, २ राजे ८ आणि ९ मध्ये. अर्धंमुर्धं करून दुसऱ्याच्या हाती दिलेलं कामही देवाच्या हिशेबात धरलेलं असतं. 'माझं कॉलिंग काय' म्हणून रात्र-रात्र जागणाऱ्या मुलाला हे दाखवा. त्याला वाटत असतं की हेतू म्हणजे एकच मोठी वस्तू, सापडली तर सापडली, नाहीतर आयुष्य वाया.

वेळेचं म्हणाल तर ७५ मिनिटांत पहिली १० चहा आणि भडंग. हे वगळू नका, सेकंड शिफ्टला जाणारा रजा टाकून आलेला असतो आणि अभ्यासिकेतल्यानं दुपारी नीट खाल्लेलं नसतं. मग १० मिनिटं वाचन: तोच उतारा दोनदा, एकदा जुन्या भाषांतरातून, एकदा सोप्या मराठीतून, दोन वेगळ्या आवाजांत. २० मिनिटं तिघा-चौघांच्या गटात, १४ जणांचे चार गट होतात. २० सगळे मिळून. १० प्रार्थना. शेवटची ५ पुढच्या आठवड्याचं काम सांगायला. बोलणारा एकच मुलगा असेल तर त्याला वाचन द्या, चर्चा चालवायला देऊ नका.

ओतशाळा_४१६

यिर्मयाबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या वचनाच्या चुकीच्या वापरानं होतं.

अध्याय २९ हे पत्र आहे, बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. वचन ११ च्या आधी वचन १० आहे आणि त्यात मुदत दिली आहे: ७० वर्षं. पत्र ऐकणारा तिशीतला माणूस स्वतः परत येणार नव्हता. मग त्यानं तोवर करायचं काय? वचन ५ ते ७: घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या कल्याणासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. तुमचं भलं त्याच्या भल्यात आहे. शिवाय 'तुमच्याविषयीचे माझे बेत' यातलं 'तुमच्या' हे अनेकवचन आहे. ते सगळ्या समाजाला दिलेलं वचन आहे. एका मुलाच्या एका परीक्षेच्या निकालाची हमी त्यात नाही.

म्हणून तिसऱ्या शनिवारी अध्याय २८ आणि २९ एकत्र घ्या. २८ मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. ते खोटं होतं, आणि तो त्याच वर्षी मेला. 'या वर्षी तुझं होणारच, प्रभूनं मला दाखवलंय' असं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगणाऱ्यानं हा अध्याय आधी वाचावा. निकाल लागतो, यादीत नाव नसतं, आणि मुलगा परीक्षेबरोबर देवावरही नापासाचा शिक्का मारून बसतो.

त्या आठवड्याचं काम असं द्या: वचन ५ ते ७ समोर ठेवून प्रत्येकानं लिहायचं, मी निकालानंतर, पर्मनंट झाल्यावर किंवा लग्न ठरल्यावर म्हणून काय काय अडवून ठेवलंय? गाडी शिकणं, दात दाखवणं, आजीकडे जाणं, बासरीचा क्लास. त्यातली एक गोष्ट सात दिवसांत सुरू करायची. मळे लावा याचा आजचा अर्थ इतका साधा आहे.

कंत्राटावरच्या मुलांसाठी कलस्सै ३:२२ ते ४:१ घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे ३:२३ आपण व्यवसाय निवडलेल्या लोकांना ऐकवतो. पौलानं ते लिहिलंय दासांना, ज्यांनी काम निवडलेलं नव्हतं आणि सोडताही येत नव्हतं. ओतकामाच्या भट्टीपुढं आठ तास उभं राहणाऱ्याला हे ताबडतोब कळतं. मात्र ४:१ धन्याला न्यायानं आणि समानतेनं वागायला सांगतं, आणि याकोब ५:४ म्हणतं की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ही दोन वचनं गाळलीत तर अभ्यासाचा अर्थ 'गप्प राबा' एवढाच उरतो. ओव्हरटाइमचे पैसे किंवा पीएफची नोंद मागणं हा अविश्वास नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

वॉर्ड_नर्स_मिरज

अभ्यास सुरू करण्याआधी एक गाळणी लावा. खचणं आणि नैराश्याचा आजार एकच नाही. निकालानंतर चार दिवस रडणं, जेवण न जाणं, कुणाशी बोलू न वाटणं हे दुःख आहे. तेच रोज, दिवसभर, दोन आठवड्यांच्या वर चाललं, झोप पहाटे तुटायला लागली किंवा दिवसभर उठवेना, पूर्वी आवडणारी गोष्टही नकोशी झाली, आपण ओझं आहोत असं बोलणं येऊ लागलं, तर अभ्यासाबरोबर डॉक्टरही लागतो. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. तो हॉलच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवा, म्हणजे कुणाला मागावा लागणार नाही.

जीव नकोसा झालाय का, असा संशय आला तर सरळ शब्दांत विचारा: 'मरावंसं वाटतं का? काही ठरवलंय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, घरातली औषधं आणि कीटकनाशकं लांब ठेवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द मात्र देऊ नका, तो पाळता येत नाही.

मंडळीत होणाऱ्या तीन चुका. पहिली, न जेवणाऱ्या मुलाला उपास-प्रार्थनेला बसवणं. वर एलीयाचं आलंच आहे, देवानं त्याला आधी दोनदा जेवू घातलं. दुसरी, प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करायला लावणं. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असे त्रास होतात. कमी करायच्या तर डॉक्टरच टप्प्याटप्प्यानं करतो. प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, १ तीमथ्य ५:२३. आणि त्याच्याबरोबर लूक नावाचा वैद्य होता. तिसरी चूक सगळ्यात वाईट: 'घरात काही पाप लपवलंय का?' शिष्यांनी जन्मांधाबद्दल हाच प्रश्न विचारला होता. येशूनं तो योहान ९:३ मध्ये मोडीत काढला.

जुनी_पायवाट

ताईंच्या शब्दाला माझं अनुमोदन. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. ते जरूर करा, गोळ्या चालू ठेवून करा.

स्तोत्रे_वाचणारी

चौथा आठवडा विलापाला द्याच. स्तोत्रसंहितेतली १५० पैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाणी आहेत, आणि आपल्या गाण्यांच्या वहीत किती आहेत ते मोजून बघा. मराठी माणसाला देवाशी भांडणं काही परकं नाही, विठ्ठलाशी भांडणारे अभंग आपण शाळेतच शिकतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनाला अभंगाचा साज दिला तो उगाच नाही. त्या शनिवारी गिटार बाजूला ठेवा आणि पेटी-टाळ बाहेर काढा. चाल संथ झाली की शब्द ऐकू येतात.

स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा. ३ आणि ४ मध्ये मागणं. ५ पासून वळण, मी तरी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. याच बेतावर प्रत्येकानं आपलं गाऱ्हाणं लिहायचं: एक ओळ हाक, तीन-चार ओळी तक्रार, दोन ओळी मागणं, एक ओळ भरवसा. २० मिनिटं पुरतात. तक्रार ठोस हवी. 'मी दुःखी आहे' हे चालणार नाही. 'प्रीलिम निघाली, मुख्य परीक्षेत राहिलो, आणि बाबा आता निकाल विचारतसुद्धा नाहीत' असं हवं. लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती करू नका, कागदाचा फोटो काढू देऊ नका.

बिघडतं ते शेवटच्या ओळीपाशी. संघ चालवणाऱ्याला घाई असते, प्रत्येकाच्या कागदावर भरवशाची ओळ आलीच पाहिजे. नाही आली तर जागा रिकामी सोडायला सांगा आणि स्तोत्र ८८ उघडा. त्यात १८ वचनं आहेत आणि ते अंधारातच संपतं. वळण नाही, स्तुती नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कारण शेवटपर्यंत ते देवालाच उद्देशून बोललं गेलंय. ज्याच्याकडे ती ओळ नाही त्याच्यासाठी शेजारचा आपली ओळ वाचू शकतो. स्तोत्र ४२ आणि ४३ मध्ये खिन्न जिवाला विचारलेला प्रश्न तीन वेळा येतो, ४२:५, ४२:११ आणि ४३:५. म्हणजे एकदा विचारून भागत नाही.

आणि त्या दिवशी 'साक्ष', म्हणजे देवानं माझं कसं भलं केलं हे उभं राहून सांगणं, ठेवू नका. पास झालेला, पर्मनंट झालेला, परदेशी गेलेला उभा राहतो आणि बसलेल्या तेरांना वाटतं, आपलीच प्रार्थना कुठंतरी अडकलीय. साक्ष हवीच असेल तर अजून मध्येच असलेल्याची ठेवा. २ करिंथ १२ मधल्या पौलाच्या 'शरीरातल्या काट्या'सारखी, त्यानं तो काढायला तीनदा मागितलं आणि काटा निघाला नाही.

ओतशाळा_४१६

हेतूच्या भागाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. तो पाचव्या आठवड्यापर्यंत थांबवू नका, प्रत्यक्ष काम दुसऱ्याच आठवड्यात हाती द्या. वचनं पाचव्यात घ्या.

वचनं कोणती? इफिस २:१०, आपण त्याची हस्तकृती आहोत. मूळ ग्रीक शब्द पोइएमा, म्हणजे घडवलेली वस्तू. पुढं लिहिलंय 'सत्कृत्ये', तेही अनेकवचनी, देवानं आधीच तयार करून ठेवलेली. चपलेचा कारागीर एकाच दिवशी कातडं कमावतो, कापतो, शिवतो असं नाही, आणि पट्टा शिवताना तळ कुठं चालणार आहे हे त्याला माहीत असायची गरजही नसते. देवाची इच्छा स्पष्ट शब्दांत जिथं लिहिली आहे ती वचनं तर मुलं वाचतच नाहीत: मीखा ६:८, १ थेस्सलनी ४:३ आणि ५:१६ ते १८. न्यायानं वागणं, दया, नम्रता, पवित्रता, प्रार्थना, उपकारस्तुती. कोणत्या पोस्टसाठी अर्ज भरायचा ते कुठंही नाही. त्यासाठी याकोब १:५ आहे, शहाणपण मागा, आणि मग वय, पैसे, घरची जबाबदारी यांचा हिशेब कागदावर मांडा. पुढच्या अटेम्प्टची शेवटची तारीख आणि त्यानंतरचा दुसरा रस्ता आधीच लिहून घरी दाखवला तर अर्धं ओझं तिथंच उतरतं.

काम देताना रोम १२:६ ते ८ मधली सात कृपादानं (देवानं सेवेसाठी दिलेल्या देणग्या) वाचा, पण नेटवरची कृपादानाची चाचणी भरून घेऊ नका. तिच्यात माणूस आपल्याला काय व्हायला आवडेल ते भरतो. त्याऐवजी पाच आठवडे, आठवड्याला दोन तास, एकच ठरलेलं काम द्या. म्हाताऱ्या सभासदांना रविवारी गाडीवरून आणणं. संडे स्कूलमध्ये मदतनीस. दवाखान्यात भरती असलेल्याच्या नातेवाइकाला डबा नेऊन देणं आणि अर्धा तास तिथं बसणं. वस्तीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं, यात परीक्षेची मुलं तरबेज असतात. शेवटी दोन प्रश्न: करताना तुला काय वाटलं, आणि ज्याच्यासाठी केलंस त्याला काय मिळालं? दुसऱ्याचं उत्तर त्या माणसाकडून घ्यायचं.

काम छोटं आणि नियमित हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बोलवावं न लागता पोरं धावली, गाळ काढला, भाकऱ्या पोचवल्या. महापुरात हेतू शोधावा लागत नाही. अवघड असतं ते नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी.

करवीर_युवक

खूप आभार. आराखडा आता डोळ्यांसमोर आला. दोनच शंका उरल्या. स्थळांचा विषय असलेल्या मुलींना या अभ्यासात वेगळं काही द्यावं का? आणि सहावा आठवडा कशाचा?

स्तोत्रे_वाचणारी

वेगळं काढू नका, त्यांना तेच हवं जे सगळ्यांना. फक्त १ करिंथ ७:७ कधीतरी वाचा, पौल तिथं लग्न आणि एकटं राहणं या दोन्हींना कृपादानच म्हणतो. आणि एक नियम कडक पाळा: मुलीला न विचारता तिच्या स्थळासाठी भर बैठकीत मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. मुलींच्या आईंशी बोलायचं असेल तर महिला मंडळातल्या एखाद्या जाणत्या बाईंनी घरी जाऊन बोलावं. तिथं युवक संघाचं काम नाही.

जुनी_पायवाट

सहाव्याला लूक २४:१३ ते ३५. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला निघालेत, साधारण ११ किलोमीटरची वाट. २१ व्या वचनातलं त्यांचं वाक्य तुमच्या सगळ्या मुलांचं आहे: आम्हाला आशा होती. येशू बरोबर चालत असताना त्यांना ओळखू येत नाही. तो आधी विचारतो, त्यांचं सगळं ऐकून घेतो, मगच शास्त्र उलगडतो. आणि ओळख पटते ती भाकर मोडताना.

त्या दिवशी हॉल सोडून बाहेर पडा. दोघा-दोघांच्या जोड्या करा, परीक्षेवाला आणि शिफ्टवाला अशी मिसळ, आणि रंकाळ्याभोवती अर्धा तास चालू द्या. अर्ध्या वाटेपर्यंत एकानं बोलायचं, 'मला आशा होती की' इथून सुरुवात करून, आणि दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. सल्ला नाही, वचन नाही. परतताना उलट. मग एकत्र बसून जेवण. पाळकांना आधी विचारून ठेवा, जमत असेल तर दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत प्रभुभोजन असू द्या.

सहा आठवड्यांत कुणी यायचं थांबलं तर ग्रुपवर 'का नाही आलास' टाकू नका. त्याच्या गटातल्या एकानं बुधवारपर्यंत त्याच्या अभ्यासिकेच्या खाली किंवा कंपनीच्या गेटवर जावं, चहा प्यावा आणि पुढच्या शनिवारी कोण गाडी आणणार एवढंच ठरवून यावं.